उजव्या हाताचा बेलभंडार

हर हर महादेव! — छे छे, असं नको. जेवून आलात ना? मग पोटातून येऊ द्या. हर हर महादेव! हां, आता कळलं देवाला की तुम्ही जागे आहात.

पुढं सरका मंडळी. मागं खांबाला टेकून बसलेत त्यांनी तर आधी सरका. खांब माणसाला कीर्तन ऐकू देत नाही, झोपवतो! या, या. बसा मांडी घालून. आज प्रश्न एकच आहे, पण चावरा आहे. ऐका —

सेवेचं मोल मागितलं, तर सेवा बाटते का?

सोपा वाटला ना? हे पहिल्या रांगेतले अण्णा लगेच मान हलवायला लागले — बाटते म्हणे! सेवा ती सेवा, तिथं पैशाचं नाव काढायचं नाही! बरं. मग अण्णा, मला सांगा, हे पेटीवाले बुवा इथं सूर धरून बसलेत, ही देवाची सेवा आहे का नाही? आहे. जाताना ह्यांना पाकीट देता का नाही? देता! मृदंगाला देता, मांडववाल्याला देता, मला तर देताच — आणि पाकीट पातळ निघालं तर पुढच्या वर्षी माझी तारीख मिळत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे! हसा, हसा. पण आमची सेवा बाटली का? नाही ना? मग बाटते ती कुणाची? घरात जी म्हाताऱ्याची लाळ पुसते, जो आंधळ्या बापाला धरून परसाकडं नेतो, जी पांगळ्या लेकराला उचलता उचलता कमरेतून वाकली — फक्त त्यांचीच? हा कुठला न्याय हो? मी चिडलेला आहे, आधीच सांगून ठेवतो. आज गोड बोलणार नाही.

तर ऐका आख्यान.

पिंपळसोंड नावाचं गाव. गावात बेलेश्वर महादेवाचं देऊळ, आणि देवळाच्या मागच्या भिंतीला लागून गुरवाचं घर. गुरव म्हणजे देवाची पूजा करणारा. पहाटे गाभारा झाडायचा, पिंडीला पाणी घालायचं, बेल वाहायचा, दिवा लावायचा, सांजेला नगारा बडवायचा. घरात दोन भाऊ, थोरला शिवराम आणि धाकटा दत्तू. दोघांची पाळी ठरलेली. एक महिना ह्याची, एक महिना त्याची. आणि ज्याची पाळी, त्या महिन्याचं उत्पन्न त्याचं! ताटातली दक्षिणा, नारळ, बायांनी भरलेल्या ओटीचे तांदूळ, सगळं. वर देवाच्या नावानं इनामाचं शेत, त्याचा खंड, कसणाऱ्यानं द्यायचा पैसा, वर्षाला येतो तो दोघांत.

पाळी म्हटल्यावर त्या कोपऱ्यातल्या पोरी का हसल्या गं? हसा! त्या पाळीचं कारण सांगून बाईला गाभाऱ्याबाहेर ठेवली, आणि मग ह्या पाळीतूनही आपोआप बाहेर ठेवली. हसण्यासारखंच आहे.

तर ह्या दोघांच्या मधली एक बहीण. मालन. नवरा ऐन जवानीत गेला. पण मालन माहेरी येऊन पडली नव्हती हं! तालुक्याच्या पेठेत एक खोली घेतली, शिलाईचं मशीन घेतलं आणि ब्लाऊज शिवायला बसली. हात असा, की लग्नसराईत बाया तिच्या दारात ताटकळायच्या. स्वतःचं भाडं स्वतः भरत होती, स्वतःच्या पैशानं चहा पीत होती. मंडळी, स्वतःच्या पैशाचा चहा वेगळा लागतो. ज्या बायांनी कधी प्यायला असेल, त्यांना विचारा.

आणि एक दिवस आईला झटका आला. काशीबाई तिचं नाव. उजवं अंग गेलं. हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं. दोघं भाऊ तालुक्याला बहिणीच्या दारात उभे. शिवराम म्हणाला, "माले, थोडं दिवस ये. आये जरा सावरंपतुर."

थोडे दिवस! शब्द बघा कसा आहे. शिवरामचं पोरगं तेव्हा पहिलीत होतं. आख्यानाच्या वेळी ते दाढी करायला लागलं होतं. एवढे थोडे दिवस!

मालन आली. मशीन बैलगाडीतून आलं, त्यावर कापड पडलं, कापडावर आईची औषधं आली, पावडरीचा डबा आला, फुलपात्र आलं. मशीनचं टेबल झालं. आणि मालनचं काय झालं? मालनची "घरीच असते ती" झाली. कुणी पाव्हणा विचारायचा, ही काय करते? थोरली वहिनी सांगायची, काही नाही, घरीच असते.

काही नाही! आईला उठवायचं, दात घासून द्यायचे, न्हाऊ घालायचं, भरवायचं. हागणं-मुतणं काढायचं — नाकं मुरडू नका, तुम्हीही तिथंच जाणार आहात! दिवसात कितीदा तरी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. तो गेलेला उजवा हात रोज उचलायचा, वाकवायचा, फिरवायचा, नाहीतर सांधा धरतो. हे सगळं "काही नाही" बरं का!

आता गंमत ऐका. आदल्या वर्षीची यात्रा. पुण्याहून एक चुलतभाऊ आला, मुरलीधर. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मोठी पिशवी. म्हणाला, मीही गुरवाच्या रक्ताचा आहे, यात्रेच्या उत्पन्नात मला वाटा हवा. झालं! दोघं भाऊ पेटले. तू पुण्याला गादीवर झोपणार, पहाटे थंडीत गाभारा आम्ही झाडणार, आणि वाटा तुला? गाव गोळा झालं. तेव्हा शिवरामनं काय केलं? देवासमोर बेलाचं पान उचललं, त्यावर भंडाऱ्याची चिमूट ठेवली, उजव्या तळव्यावर घेतलं. बेलभंडार! देवाची शपथ! बेलभंडार उचलून बोललेला शब्द फिरवला, तर त्या गावात त्या माणसाच्या हातचं पाणी कुणी पीत नाही. आणि शिवराम गरजला —

"ज्यानं हातानं सेवा केली, त्येचं उत्पन्न! रगत बघायचं न्हाई, हात बघायचा!"

पाठोपाठ दत्तूनंही उचलला. तोच शब्द. गावानं टाळ्या वाजवल्या. यात्रा कमिटीचे अध्यक्ष बापूसाहेब म्हणाले, न्याय झाला. मुरलीधर पिशवीत पाच-सात नारळ घेऊन पुण्याला परत.

पण एक घोटाळा झाला होता. आरती संपली तरी देवळावरचा माईकचा कर्णा बंद करायचा राहिला होता! ही सगळी शपथ सबंध गावाला ऐकू गेली. मागच्या घरातही गेली. मालन तेव्हा आईला कुशीवर वळवत होती. तिचे हात तसेच थांबले. काशीबाईचे शब्द चघळत चघळत यायचे, पण डोकं शाबूत होतं, आणि कान तर कुत्र्यासारखे तिखट! ती म्हणाली, "ऐ...कलंस?"

मालन म्हणाली, "ऐकलं."

बस. तो शब्द दोघींनी जपून ठेवला.

वर्ष गेलं. महाशिवरात्र जवळ आली, आणि मालनची दाढ दुखायला लागली. गाल असा टम्म! एका हातानं गाल दाबायचा, एका हातानं आईला भरवायचं. शेवटी शिवरामकडं गेली. शिवरामच्या पाळीचे शेवटचे दिवस; तो देवळातून येऊन दक्षिणेची चिल्लर निवडत बसला होता. ती म्हणाली, "दादा, तालुक्याला दाताच्या डाक्टरकडं जायचं म्हंते. पैसं दे."

मंडळी, शिवराम वाईट माणूस नव्हता हं. बहिणीला कधी हात लावला नाही, दिवाळीला लुगडं चुकवलं नाही. म्हणून तर त्याचा राग येतो! वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा मान वर न करता म्हणाला, "तुला पैसा कशाला लागतो, माले? घरात तर असतीस. लवंग धर दाढंत."

लवंग!

मालन उभी राहिली तशीच. दाढेची कळ मस्तकात गेली होती, पण त्या क्षणी दाढ दुखायची थांबली म्हणे. दुसरंच काहीतरी दुखायला लागलं. स्वतःच्या तोंडातल्या दातासाठी तिला हात पसरावा लागला, आणि त्या हातावर लवंग पडली! आत आली, मशीनवरचं औषध उचललं, आईला पाजलं. आईनं विचारलं, "दिलं?" मालननं मूठ उघडून दाखवली. काशीबाईनं त्या लवंगेकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड वळवलं.

तेवढंच अंग तिला स्वतःचं स्वतः वळवता येत होतं.

आता महाशिवरात्रीचा दिवस. देवळापुढं मंडप, गर्दी, आणि कमिटीनं ह्या वर्षी नवं काढलेलं — मातृसेवा गौरव! सत्कारमूर्ती कोण? आमची मालन! भावांच्या छात्या फुगलेल्या. थोरल्या वहिनीला सांगितलं, आईपाशी जरा बस. मालन गालावरून पदर घेऊन स्टेजवर चढली. बापूसाहेबांनी भाषण केलं. काय भाषण! त्याग, ममता, निरपेक्ष सेवा — निरपेक्ष हा शब्द तर तीनदा. ज्याला द्यायचं नसतं, त्याला हा शब्द फार आवडतो! मग शाल घातली. मग नारळ पुढं केला.

मालन म्हणाली, "नारळ नको."

"अगं मान असतो तो, मालन."

"बापूसाहेब, मी गुरवाची लेक. आमच्या घरात नारळाचा ढीग पडलाय. आन् ह्यो घेतला तरी चावायचा कशानं? दाढ दुखती माझी. डाक्टरला पैसं मागितलं तर लवंग मिळाली."

लोक आधी हसले. मग हसता हसता एकेकाचं तोंड मिटत गेलं. मालननं माईक धरला.

"मागल्या यात्रंत माझ्या दोनी भावांनी हितं बेलभंडार उचलला. ज्यानं हातानं सेवा केली, त्येचं उत्पन्न. रगत बघायचं न्हाई, हात बघायचा. आठवतंय न्हवं समद्यास्नी? मंग बगा हे हात!"

आणि तिनं दोन्ही हात वर केले. धुण्याच्या सोड्यानं तळव्यांची सालं निघालेली. आईला उचलून उचलून मनगटं सुजलेली.

"सेवा मी केली. माझं उत्पन्न कुठाय?"

बाप रे! शिवराम खालून म्हणाला, "माले, उतर खाली. चार लोकांत इज्जत घालवतीस?"

"चार लोकांत शाल घालताना इज्जत वाढत व्हती, दादा. मंग आत्ताच कशी घटली?"

"आगं तो शब्द देवळापुरता व्हता!"

"सेवा म्हनालास तू. देवळाची का घरची, बोलला न्हाईस. कर्ण्यावरनं गावानं ऐकलंय!"

आता धाकटा दत्तू उठला. हा बहिणीचा लाडका. तिनंच त्याला कडेवर वाढवलेला. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "आक्का... आयेच्या सेवंचं पैसं मागतीस? आयेच्या?"

मंडळी, हा खरा घाव. इथंच सगळ्या बाया गप होतात. आईच्या सेवेचे पैसे! नवऱ्याच्या! लेकराच्या! लाज नाही वाटत? — की झालं, तोंड बंद. मालनचंही झालं. क्षणभर तिला वाटलं, खरंच की काय? मी माझी माया विकायला काढली की काय? तिनं पाठीमागं बघितलं. गाभाऱ्यात दिवा जळत होता. पिंडीपुढच्या ताटात दक्षिणा पडलेली, नारळ रचलेले. आणि तिला शब्द सापडला.

"दत्तू, ह्या महिन्यात पाळी तुझी हाय न्हवं? मंग ते ताट कुनाचं? तुझंच. सांजच्याला घरी नेशील. घेताना तुझी भक्ती कमी झाली का रं? न्हाई झाली! महादेवाची सेवा करून तू खातोस, तुझी पोरं शिकत्यात, आन् त्ये बराबरच हाय. पर तुझा देव गार पानी घातलं तर कुडकुडत न्हाई. त्येची कूस बदलावी लागत न्हाई. माझा देव कन्हतो, रुसतो, रातीला हाका मारतो. तुझ्या देवाला इनाम, आन् माझ्या देवाला लवंग?"

वाजवा टाळ्या! — नको, थांबा. एवढ्यात नको. टाळ्या त्या मंडपातही वाजल्या असत्या, पण टाळ्यांनी दाढ निघत नाही.

बापूसाहेब मध्ये पडले. ही अध्यक्ष मंडळी नेहमी मध्येच पडतात, बाजूला कधी पडत नाहीत. म्हणाले, "मालन, हा घरचा मामला. घरात बसून मिटवू."

"घरात? घरात मी कवाधरनं बोलतीया. घरातच मला लवंग मिळाली. आता हितंच मिटवा. देवाची पाळी लावता, तशी आयेची पाळी लावा. ज्येची पाळी त्येनं करायचं, आन् जो करील त्येला उत्पन्न. आत्तापतुरची समदी पाळी माझी झाली. आजपास्नं दादाची!"

असं म्हणून ती स्टेजवरून उतरली आणि नंदीच्या ओट्यावर जाऊन बसली. शाल अंगावर तशीच.

बोलून तर गेली. पण आता तिच्या जिवाचं ऐका. देवळाच्या कळसाची सावली सरकत सरकत नंदीच्या शेपटाशी आली, की आईची कूस बदलायची वेळ. पाण्याला येताजाता बघायची, हे तिचं घड्याळ. सावली आली होती शेपटाशी. पलीकडच्या भिंतीआड आई उताणी पडलेली. वहिनीला वळवता येत नाही, तिच्या हातात आई कण्हते. मालनची बोटं आपोआप हलायला लागली. उठावं? उठली, तर सगळं संपलं. आज गाव म्हणेल, बघा, आईच्या मायेनं विरघळली, आणि उद्यापासून पुन्हा लवंग. नाही उठली, तर आईची पाठ. सांगा मंडळी, तुम्ही काय केलं असतं? सावली नंदीच्या पाठीवर चढली. मालननं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. हात धरून ठेवायला सगळ्या अंगाचं ओझं लागलं तिला. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण उठली नाही!

तेवढ्यात थोरली वहिनी धावत आली. म्हणाली, "अवं, कर्णा चालू हाय! सासूबाईंनी समदं ऐकलं. म्हनत्यात, बेलभंडार घेऊन घरी या. मला उचलायचाय."

काशीबाई बेलभंडार उचलणार! मग काय, कमिटी निघाली. बापूसाहेब पुढं, भाऊ मागं, निम्मं गाव त्यांच्या मागं. बापूसाहेबांनी दारात नाकाला रुमाल लावला — इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खोली, वास येणारच. आणि आत पाऊल टाकलं तर वासच नाही! धुतलेलं पातळ, स्वच्छ चादर, म्हातारीची वेणी घातलेली. बापूसाहेबांनी गुपचूप रुमाल खिशात घातला. त्या वेळी त्यांना निरपेक्ष शब्द काही आठवला नाही म्हणे.

काशीबाईनं डावा हात पुढं केला. बापूसाहेब दचकले. "काशीबाई, डाव्या हातानं बेलभंडार न्हाई चालत. उजवाच लागतो."

आता उजवा तर गेलेला! लाकडासारखा अंथरुणावर पडलेला. शिवरामला वाटलं, सुटलो. म्हणाला, "जाऊ दे आये, राहू दे."

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. म्हणाली, "उ...चल की मंग. तूच उचल. आ...ईचाच हात हाय."

शिवराम पुढं झाला. मनगटाला धरून हात खेचला, तशी म्हातारी कळवळली. हात निसटला. बेलाचं पान खाली, भंडारा चादरभर सांडला. सगळ्यांनी वळून मालनकडं बघितलं. सगळ्यांच्या मागून येऊन ती उंबऱ्यात उभी होती. आईचं कण्हणं ऐकून एक पाऊल आत आलं होतं तिचं. तिनं ते मागं घेतलं.

"आज माझी पाळी न्हाई," ती म्हणाली. आणि मग हळूच म्हणाली, "मनगट धरू नगंस, दादा. कोपराखाली हात घाल. दुसरा खांद्याखाली. आता उचल."

शिवरामनं तसं केलं. हात वर आला. बापूसाहेबांनी नवं पान ठेवलं, नवा भंडारा ठेवला. आणि काशीबाई बोलायला लागली.

"ह्यो... बे...लेश्वर... साक्ष..."

सावकाश. एकेक शब्द चघळत. मध्येच थांबे. ओठ ओले करी. पुन्हा पहिल्यापासून. "ह्यो... बेलेश्वर..." शिवरामच्या कपाळाला घाम. मंडळी, गेलेला हात जड असतो हं! जिवंत हात स्वतःचं वजन स्वतः थोडं तरी पेलतो, गेलेला हात सगळाच्या सगळा तुमच्यावर पडतो. शिवरामच्या दंडाला कळ लागली. हात थरथरायला लागला. बेलाचं पान थरथरायला लागलं. पान पडलं तर शपथ मोडली! आणि म्हातारी? म्हातारी पाणी मागते!

अहो, मुद्दाम लांबवत होती ती! एवढं हळू ती एरवीसुद्धा बोलत नव्हती!

शेवटी शिवराम रडवेला होऊन म्हणाला, "आये, लवकर बोल गं. जड हाय."

म्हातारीनं डोळे त्याच्यावर रोखले. आणि आता मात्र शब्द धडधडीत आला.

"जड हाय? मालन कंदी बोलली का रं, जड हाय म्हनून?"

कोपराखाली धरलेला हात शिवरामनं छातीशी घेतला आणि त्या हातावर डोकं टेकवून रडला. थोरला माणूस, गावापुढं, लेकरासारखा रडला. आणि त्या रडण्यातच काशीबाईनं शपथ पुरी केली — "ज्यानं हातानं सेवा केली, त्येचं उत्पन्न. माझ्या मालनचं."

पान पडलं नाही हं. शिवरामनं पडू दिलं नाही, एवढं त्याचंही माप त्याच्या पदरात घालू.

मग ठरलं ते गावापुढं ठरलं. इनामाच्या शेताचा खंड मालनच्या हातात, दर साली, न मागता. ती दादाकडं जाणार नाही, दादा तिच्याकडं आणून देणार. आणि आईची पाळी लागली. भाऊ, वहिन्या, सगळ्यांची. आठवड्यातून एक दिवस मालन घराबाहेर, कुठं गेली होतीस असं कुणी विचारायचं नाही. मशीनवरची औषधं फळीवर गेली. मशीनला तेल मिळालं. आणि दुसऱ्याच दिवशी मालन तालुक्याला जाऊन दाढ काढून आली, आणि येताना पेठेत बसून चहा प्यायली. तोंड बधिर होतं, चव काही कळली नाही. तरी अख्खा कप प्यायली!

सत्काराच्या शालीचं काय झालं? तिचा अभ्रा शिवला मालननं. आईच्या उजव्या कोपराखालच्या उशीला. शाल कामाला लागली एकदाची.

आता अण्णा, तुमचा प्रश्न. पैसे घेतल्यावर माया बाटली का? दाढ काढली त्या संध्याकाळी मालननं आईची कूस बदलली, तेव्हा काशीबाई म्हणाली, "दा...ढ काढून आलीस आन् लई बडबडाया लागलीस." तेव्हा मालन इतकी हसली, इतकी हसली, की गालातला कापूस बाहेर पडला. कितीतरी वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा हसणं ऐकू आलं. बाटलेली माया अशी हसते का हो?

आख्यान संपलं. पण तुम्ही उठू नका! आता तुमची पाळी.

ह्या मंडपाकडं बघा. एवढी माणसं आलात. कोण नाही आलं? विचार करा. तुमच्या घरातून आज कीर्तनाला कोण आलं नाही? ती सून — जिचा सासरा एकटा सोडता येत नाही. तो थोरला लेक — ज्यानं मतिमंद भावासाठी नोकरी सोडली आणि गाव त्याला रिकामटेकडा म्हणतं. ती आई — जिचं पोर अजून चालत नाही. आज मी त्यांच्यासाठी बोललो, आणि तेच इथं नाहीत! कारण ते आले असते तर तुम्हाला येता आलं नसतं. तुम्ही हे पुण्य त्यांच्या जिवावर पदरात पाडून घेताय!

मग द्या त्यांचं उत्पन्न! घरानं आधी द्यावं. घराच्यानं होत नसेल तर ग्रामसभेत उभे राहा, तालुक्याला जा, सरकारदरबारी जा, आणि मागा. हात जोडून नाही, हात दाखवून मागा! ते माणूस दवाखान्यात पडलं असतं, तर त्याची उस्तवार करणाऱ्याला पगार दिलाच असता ना कुणीतरी? मग घरात तेच काम करणाऱ्याला लवंग कशी चालेल? आणि कुणी म्हणालं, सेवेचे पैसे मागता, लाज नाही वाटत? तर सांगा, न देणाऱ्याला वाटली पाहिजे!

आणि आज मला शाल घालू नका. त्या शालीत कुणाच्या तरी कोपराखालची उशी शिवून होईल.

आता घरी जा. गेल्या गेल्या झोपू नका. जे अंथरुणावर आहे त्याच्यापाशी बसा. त्याचा हात कोपराखाली धरा, असा. उचला. लगेच खाली ठेवू नका, धरून ठेवा, दंडाला कळ लागेपर्यंत धरा. जड लागला? लागला ना? मग तोंडानं खरं बोला, बेलभंडार तुमच्या हातावर आहे — हे रोज कोण उचलतं, आणि त्याचं उत्पन्न कोण खातं?

बोला, हर हर महादेव!